उभारणीचा निधी आणि विरोधी बाकांवरचे प्रश्न

गेल्या अंकात युरोपीय संघाच्या पुनरुभारणी निधीवर एक टिपण छापले होते. त्याचा सारांश असा : करोना साथीने कोलमडलेल्या अर्थव्यवस्था सावरण्यासाठी जुलै २०२० मध्ये २७ देशांच्या नेत्यांनी ब्रसेल्समध्ये चार दिवसांहून अधिक काळ वाटाघाटी केल्या आणि ७५० अब्ज युरोंचा निधी उभारण्याचे ठरवले. त्यातले ३९० अब्ज अनुदान म्हणून आणि ३६० अब्ज कर्ज म्हणून सदस्य देशांना द्यायचे होते, आणि ही सगळी रक्कम संघाने स्वतःच्या नावावर बाजारातून उचलायची होती. टिपणावर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख निधीपेक्षा त्यावर देशोदेशींच्या संसदांत विरोधी पक्षांनी काय भूमिका घेतल्या, याकडे आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पैसा बाहेरून येणार आणि त्यातला निम्म्याहून अधिक फुकट मिळणार. अशा निधीला विरोध करणारा पक्ष आपल्याच देशाचे नुकसान करत नाही का?

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘फुकट’ हा शब्द आधी तपासून पाहू. अनुदान घेणाऱ्या देशाला ती रक्कम परत करायची नसते हे खरे. पण ती रक्कम संघाने कर्ज काढून उभी केलेली असते आणि ते कर्ज २०५८ पर्यंत सर्व सदस्य देशांनी मिळून फेडायचे असते. या कर्जाला हमी म्हणून प्रत्येक देशाने, गरज पडल्यास, आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आणखी ०.६ टक्क्यांपर्यंत रक्कम संघाला देण्याची तयारी दाखवायची होती. म्हणून या विषयाला संसदेत दोन वेगवेगळे दरवाजे होते. एक हमीचा, म्हणजे संघाच्या स्वतःच्या उत्पन्नसाधनांविषयीचा डिसेंबर २०२० चा निर्णय. तो २७ ही देशांनी आपापल्या राज्यघटनेप्रमाणे मंजूर केल्याशिवाय एक युरोसुद्धा उचलता येणार नव्हता. दुसरा खर्चाचा, म्हणजे मिळणारा पैसा कशावर खर्च करायचा याच्या राष्ट्रीय आराखड्याचा. हा आराखडा सरकारने ब्रसेल्सकडे, म्हणजे संघाच्या आयोगाकडे, पाठवायचा होता. त्याला संसदेची मंजुरी असलीच पाहिजे, अशी सक्ती संघाच्या नियमात नव्हती.

या दोन दरवाजांमधला फरक ध्यानात घेतला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. हमीच्या मतदानात विरोधी पक्षाच्या हाती खरी सत्ता होती, पण तिथे ‘नाही’ म्हटले तर फक्त स्वतःच्या देशाचा नव्हे, सगळ्या युरोपचा पैसा अडत होता. खर्चाच्या आराखड्यावर बोलण्यासारखे खूप होते, पण तिथे विरोधकांच्या मताला फारसे वजन नव्हते. परिणामी, अनेक देशांत विरोधकांनी खर्चाविषयीचा राग हमीच्या मतदानात काढला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो देशाच्या हिताविरुद्धचा हट्ट वाटला.

शिवाय ज्या देशांना मिळणार त्यापेक्षा द्यावे जास्त लागणार होते, त्या फिनलंड, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क यांसारख्या देशांतल्या विरोधकांनी ‘आमच्या करदात्याने हे का सोसावे?’ असे विचारले तर तो प्रश्न संसदेत विचारण्याजोगाच आहे. त्याला उत्तरही आहे : शेजाऱ्याची बाजारपेठ बुडाली तर आपला माल कोण घेणार? पण उत्तर आहे म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवता येत नाही.

प्रश्न : इतक्या मोठ्या विषयावर तटस्थ राहणारे पक्ष मला भित्रे वाटतात. एक तर बाजूने बोला, नाही तर विरोधात. मध्येच बसून राहण्यात कसले राजकारण?

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, पण तटस्थतेचे सगळे प्रकार एका मापाने मोजता येत नाहीत. तीन सभागृहांत काय घडले ते सांगतो.

२८ जानेवारी २०२१ रोजी स्पेनच्या लोकप्रतिनिधी सभागृहापुढे निधीच्या वाटपाची चौकट ठरवणारा सरकारी अध्यादेश आला. तिथे असा अध्यादेश ३० दिवसांच्या आत सभागृहाने जसाच्या तसा स्वीकारायचा किंवा फेटाळायचा असतो. त्या क्षणी त्यातला एखादा शब्दही बदलता येत नाही. पंतप्रधान सांचेझ यांचे सरकार अल्पमतात होते. एरवी सरकारला साथ देणाऱ्या कॅटलोनियाच्या प्रादेशिक पक्षाने या वेळी विरोधात मत द्यायचे ठरवले. पॉप्युलर पार्टी हा प्रमुख विरोधी पक्ष, सगळी सूत्रे पंतप्रधानांच्या कार्यालयाकडे एकवटतात आणि वाटपासाठी स्वतंत्र यंत्रणा नाही, या मुद्द्यावर विरोधात गेला. मते मोजली तेव्हा बाजूने १७०, विरोधात त्याहून कमी आणि तटस्थ ५२. ही ५२ मते होती वॉक्स या अतिउजव्या पक्षाची, म्हणजे सरकारवर सर्वांत कडवी टीका करणाऱ्यांची. त्यांनी विरोधाचे बटण दाबले असते तर अध्यादेश त्याच दुपारी पडला असता. नाव तटस्थतेचे असले तरी परिणाम पाठिंब्याचाच होता, आणि तो कुणाला लपवताही आला नाही.

या प्रसंगातली मला सर्वांत खटकणारी बाब वेगळीच आहे. स्पेनच्या राज्य परिषदेने, म्हणजे सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या सर्वोच्च संस्थेने, या अध्यादेशातल्या नियंत्रणाच्या तरतुदी सैल केल्याबद्दल टीका केली होती. तो अहवाल मतदानापूर्वी सभागृहापुढे ठेवलाच गेला नाही. मतदान झाल्यावर तो उघड झाला. सभासदांनी बाजूने, विरोधात किंवा तटस्थ जे काही मत दिले, ते अर्धवट माहितीवर दिले.

दुसरे सभागृह फिनलंडचे. तिथल्या घटनाविषयक समितीने एप्रिल २०२१ मध्ये असे ठरवले की हमीचा निर्णय मंजूर होण्यासाठी पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मते हवीत. सत्ताधारी आघाडीकडे २०० च्या सभागृहात तेवढे संख्याबळ नव्हते, आणि म्हणून नॅशनल कोअलिशन या विरोधी पक्षाकडे किल्ली आली. त्या पक्षाने आधी तटस्थ राहायचे जाहीर केले. येथे गणित लक्षात घ्या : ‘पडलेल्या मतांपैकी’ अशी अट असेल तर तटस्थ राहणारा माणूस मोजणीतूनच वगळला जातो आणि बाजूच्या मतांचे प्रमाण आपोआप वाढते. म्हणजे निधीवर टीकाही करायची आणि तो अडवायचाही नाही, असा तो मार्ग होता. देशात आणि युरोपातल्या मित्रपक्षांत त्यावर एवढा गदारोळ झाला की पक्षाला तो निर्णय बदलावा लागला आणि सदस्यांना आपापल्या विवेकाप्रमाणे मत देण्याची मुभा द्यावी लागली. दरम्यान फिन्स पार्टी या दुसऱ्या विरोधी पक्षाने चर्चा कित्येक दिवस, रात्री-रात्री लांबवली. एकामागून एक वक्ते उभे राहत होते. अखेर १८ मे रोजी १३४ विरुद्ध ५७ मतांनी निर्णय मंजूर झाला. पडलेल्या १९१ मतांत १२८ लागत होती. सुटका सहा मतांनी झाली. दुसऱ्या पक्षाची किल्ली हाती असताना टीकाही ठेवायची आणि जबाबदारीही घ्यायची, हे किती अवघड असते ते या आकड्यांत दिसते.

तिसरे उदाहरण जुने आहे, पण मला ते सर्वांत बोलके वाटते. दुसऱ्या महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनला अमेरिकेने ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज दोन टक्के व्याजाने देऊ केले. डिसेंबर १९४५ मध्ये हा करार कॉमन्स सभागृहात आला तेव्हा विरोधी पक्षनेते होते विन्स्टन चर्चिल. त्यांनी आपल्या पक्षाला तटस्थ राहायला सांगितले. कर्जाशिवाय देशाचे चालणार नाही हे त्यांना कळत होते, आणि त्यासोबतच्या अटी आपल्या सहीने मान्य झाल्या असे त्यांना होऊ द्यायचे नव्हते. पक्षातल्या कित्येकांनी त्यांचे न ऐकता विरोधात मत दिले, मजूर पक्षातले काही डावे सदस्यही विरोधात गेले, आणि करार ३४५ विरुद्ध ९८ मतांनी मंजूर झाला. विरोधकांचा मुख्य आक्षेप एका अटीवर होता : करार अमलात आल्यापासून वर्षभरात पौंड डॉलरमध्ये मुक्तपणे बदलून दिला पाहिजे. जुलै १९४७ मध्ये ती अट अमलात आली, ब्रिटनच्या तिजोरीतले डॉलर भराभर वाहून जाऊ लागले आणि ऑगस्टमध्ये, पाच-सहा आठवड्यांतच, सरकारला ती स्थगित करावी लागली. म्हणजे आक्षेप बरोबर होता. त्यावर बोलणारे सभागृहात होते, पण कर्ज मंजूर करताना ती एकच अट सैल करून घेण्याची सोय सभागृहाकडे नव्हती.

म्हणून माझे मत असे आहे की तटस्थ राहणाऱ्या पक्षाने कारण सभागृहाच्या पटलावर नोंदवले असेल आणि काय बदलले तर आपण बाजूने येऊ हेही सांगितले असेल, तर ती भूमिका आहे. कारण सांगितले नसेल तर आपण म्हणता तो भित्रेपणा आहे.

प्रश्न : विरोधी पक्षाने पाठिंब्याच्या बदल्यात काही पदरात पाडून घेतल्याची उदाहरणे आहेत का?

उत्तर : आहेत, आणि ती दोन अगदी वेगळ्या प्रकारची आहेत.

पोलंडमध्ये २०२१ च्या वसंतात सत्ताधारी आघाडीतच फूट पडली. आघाडीतला एक छोटा पक्ष हमीच्या निर्णयाविरुद्ध होता, त्यामुळे सरकारला विरोधकांची मते लागणार हे उघड झाले. डाव्या पक्षांच्या गटाने, म्हणजे लेविकाने, पंतप्रधानांशी थेट बोलणी केली आणि आपल्या अटी मांडल्या : ७५,००० परवडणारी भाड्याची घरे, निधीतला ठरावीक वाटा स्थानिक संस्थांना, जिल्हा रुग्णालयांसाठी ८५ कोटी युरो आणि खर्चावर देखरेख करणारी समिती. सरकारने त्या मान्य केल्या आणि ४ मे २०२१ रोजी कनिष्ठ सभागृहात २९० विरुद्ध ३३ मतांनी निर्णय मंजूर झाला. १३३ सदस्य तटस्थ राहिले. त्या तटस्थांत सर्वांत मोठा विरोधी पक्ष सिव्हिक कोअलिशन होता. लेविकाने डगमगणाऱ्या सरकारला हात देऊन विरोधकांच्या एकीला तडा दिला, असा त्यांचा आरोप होता. लेविकाचे म्हणणे होते की निधी सरकारचा नाही, लोकांचा आहे, आणि तो अडवून सरकार पाडण्यापेक्षा त्यात घरे आणि दवाखाने घालून घेणे बरे. या वादात मला लेविकाची बाजू अधिक पटते. मात्र पुढे न्यायव्यवस्थेच्या स्वायत्ततेवरून ब्रसेल्स आणि वॉर्सा यांच्यात बिनसले, निधी रोखला गेला आणि पहिला नियमित हप्ता, ६.३ अब्ज युरोंचा, पोलंडला मिळाला तो एप्रिल २०२४ मध्ये, सरकार बदलल्यानंतर. सभागृहात मिळवलेल्या अटींना जमिनीवर उतरायला तीन वर्षे वाट पाहावी लागली.

दुसरे उदाहरण स्लोव्हाकियाचे, युरोच्या आधीच्या संकटातले. ऑक्टोबर २०११ मध्ये अडचणीतल्या देशांना सावरण्यासाठीच्या युरोपीय बचाव निधीची हमी वाढवायची होती. स्लोव्हाकियाचा वाटा ७.७ अब्ज युरोंवर जाणार होता. पंतप्रधान इव्हेता रादिचोवा यांनी या मतदानाला विश्वासदर्शक ठराव जोडला. आघाडीतलाच एक पक्ष आडून बसला. प्रमुख विरोधी पक्ष स्मेर निधीच्या बाजूने होता, तरीही मतदानात सहभागी झाला नाही. १५० च्या सभागृहात ७६ मते हवी होती, मिळाली ५५, सरकार पडले. दोनच दिवसांनी त्याच सभागृहाने तोच निर्णय ११४ मतांनी मंजूर केला, कारण दरम्यान स्मेरला हवी असलेली मुदतपूर्व निवडणूक ठरली होती. मार्च २०१२ मध्ये तो पक्ष ८३ जागा जिंकून सत्तेवर आला. पोलंडच्या डाव्यांनी घरे मागितली, स्लोव्हाकियाच्या विरोधकांनी निवडणूक. दोन्ही व्यवहार संसदीय नियमांत बसणारे होते, पण ते मला एका पंक्तीला बसवावेसे वाटत नाहीत.

प्रश्न : सभागृहात हरलेला पक्ष न्यायालयात जाऊ शकतो का?

उत्तर : जर्मनीत बाहेरच्या एका नागरिक गटाने तसे केले. २५ मार्च २०२१ रोजी बुंडेस्टागने, म्हणजे तिथल्या संसदेने, ४७८ विरुद्ध ९५ मतांनी हमीचा निर्णय मंजूर केला. एएफडी हा अतिउजवा पक्ष विरोधात होता आणि डावा पक्ष तटस्थ. दुसऱ्याच दिवशी घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना सही करण्यापासून रोखले, आणि सगळ्या युरोपाचे लक्ष कार्ल्सरूहकडे, म्हणजे हे न्यायालय ज्या शहरात आहे तिकडे, लागले. एप्रिलमध्ये अंतरिम स्थगिती नाकारली गेली आणि ६ डिसेंबर २०२२ रोजी तक्रारी फेटाळल्या गेल्या. न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. पण न्यायालय ‘हे घटनेत बसते का’ एवढेच पाहते, ‘हे शहाणपणाचे आहे का’ हे नाही. तो दुसरा प्रश्न विचारण्याची जागा संसदच आहे.

प्रश्न : शेकडो पानांचे आराखडे सदस्य खरोखर वाचून मत देतात का? त्यांना तेवढा वेळ तरी मिळतो का?

उत्तर : आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे, आणि या पत्रव्यवहारात मला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच आहे.

इटलीचे पाहा. या निधीचा सर्वांत मोठा वाटा इटलीला मिळाला : १९१.५ अब्ज युरो, त्यांत ६८.९ अब्ज अनुदान आणि १२२.६ अब्ज कर्ज. हा पैसा कोण, कसा खर्च करणार यावरच्या मतभेदांतून जानेवारी २०२१ मध्ये मातेओ रेन्झी यांच्या पक्षाने मंत्री काढून घेतले आणि पंतप्रधान काँते यांचे सरकार गडगडले. फेब्रुवारीत मारिओ द्रागी पंतप्रधान झाले. ब्रसेल्सकडे आराखडा पाठवण्याची ठरलेली तारीख होती ३० एप्रिल. अडीचशेहून अधिक पानांचा पूर्ण मसुदा सदस्यांच्या हाती पडला तो चर्चेच्या अगदी तोंडावर. २६ एप्रिलला द्रागींनी तो सभागृहात मांडला, २७ ला मतदान झाले : बाजूने ४४२, विरोधात १९, तटस्थ ५१. जवळजवळ सगळे मोठे पक्ष सरकारात होते. बाहेर राहिलेला एकच मोठा पक्ष म्हणजे जॉर्जिया मेलोनी यांचा ब्रदर्स ऑफ इटली. न वाचलेल्या आराखड्यावर आम्ही शिक्का मारणार नाही, असे सांगून तो तटस्थ राहिला.

त्या पक्षाच्या बाकीच्या राजकारणाशी माझा मतभेद आहे, तरी त्या दिवशीची त्यांची तक्रार सोळा आणे खरी होती. पुढच्या सहा वर्षांच्या रस्त्यांपासून पाळणाघरांपर्यंतचा आणि पुढच्या कित्येक दशकांच्या कर्जाचा कागद एका दिवसात कुणी वाचू शकत नाही. तो वाचून, तज्ज्ञांना दाखवून, आपल्या मतदारसंघातल्या महापौरांना विचारून मग बोलायचे, यासाठीच तर समित्या असतात. एवढ्या मोठ्या विषयात विरोधी पक्षाचे पहिले काम सभागृहासाठी वेळ मागून घेणे हे आहे. बाकीचे सगळे आक्षेप त्यानंतर येतात.

पुढची हकीकत मात्र तितकी सरळ नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेलोनी स्वतः पंतप्रधान झाल्या. आराखडा आता त्यांच्या हाती आला. तो त्यांनी बदलून घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये १९४.४ अब्ज युरोंचा सुधारित आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या सरकारने, या निधीच्या खर्चावर काम चालू असतानाच नजर ठेवण्याचा लेखापरीक्षण न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. आता विरोधी बाकांवर बसलेल्या डेमोक्रॅटिक पार्टी आणि फाइव्ह स्टार मूव्हमेंट या पक्षांनी आवाज उठवला, पण सरकारने विश्वासदर्शक ठराव जोडून ती तरतूद मंजूर करून घेतली. वाचायला वेळ मागणाऱ्यांनी तपासणाऱ्याचा अधिकार काढून घ्यावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि हेही सांगायला हवे की २०२१ च्या वसंतात घाई करणाऱ्यांत हेच आवाज उठवणारे पक्ष होते.

प्रश्न : विरोधात असताना अटींना झिडकारणारे पक्ष सत्तेवर आल्यावर तो करार खरोखर मोडतात का?

उत्तर : क्वचितच. ग्रीसमध्ये तर विरोध करणाऱ्यांनीच सत्तेवर आल्यावर करार राबवला, असे सलग दोनदा घडले. ६ मे २०१० रोजी ११० अब्ज युरोंच्या पहिल्या मदत करारावर १७२ विरुद्ध १२१ असे मतदान झाले. विरोधी पक्षनेते अँतोनिस समारास विरोधात होते. पक्षादेश मोडून बाजूने मत देणाऱ्या माजी परराष्ट्रमंत्री दोरा बाकोयानी यांना त्यांनी पक्षातून काढले. दोन वर्षांनी समारास पंतप्रधान झाले आणि दुसऱ्या कराराच्या अटी त्यांनाच राबवाव्या लागल्या. तेव्हा विरोधाचा झेंडा घेतला अलेक्सिस सिप्रास यांच्या सिरिझा या डाव्या पक्षाने. जानेवारी २०१५ मध्ये ते सत्तेवर आले, जुलैत सार्वमत घेऊन ६१ टक्क्यांहून अधिक लोकांचा ‘नकार’ मिळवला, आणि १४ ऑगस्टला ८६ अब्ज युरोंचा तिसरा करार संसदेत आणला. तो २२२ विरुद्ध ६४ मतांनी मंजूर झाला. सिरिझाचे चाळीसहून अधिक सदस्य सरकारबरोबर नव्हते. करार तरला तो समारास यांच्याच पक्षासह विरोधकांच्या मतांवर.

अलीकडचे उदाहरण श्रीलंकेचे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या कार्यक्रमावरचा ठराव २८ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या संसदेत १२० विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. प्रमुख विरोधी पक्ष मतदानापासून दूर राहिला. अनुरा कुमार दिसानायके यांच्या छोट्या गटाने विरोधात मत दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या, आणि कार्यक्रम चालूच राहिला.

याला कोणी विश्वासघात म्हणेल. मला त्यात बांधील असण्याची हतबलता अधिक दिसते. सरकारची मुदत चार-पाच वर्षांची, कराराची त्याहून मोठी आणि परतफेडीची कित्येक दशकांची. म्हणजे विरोधी बाकावरून बोलणारा नेता, त्याला त्या क्षणी वाटो न वाटो, स्वतःच्या भावी अर्थमंत्र्याच्या वहीविषयी बोलत असतो. ‘फाडून टाकू’ असे म्हणण्याऐवजी ‘सोळाव्या पानावरची अट बदला’ असे तो म्हणाला, तर पुढे सत्तेवर आल्यावर त्याच्या हाती निदान बदललेले सोळावे पान असते.

प्रश्न : मी महाविद्यालयीन अभिरूप संसदेत विरोधी पक्षनेत्याची भूमिका करणार आहे आणि विषय हाच आहे. कोणते प्रश्न विचारावेत?

उत्तर : आपले अभिनंदन. एकच प्रश्न निवडा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका, असे सुचवीन : बांधून झाल्यावर ते चालवणार कोण?

या निधीत पैसे झालेल्या खर्चाच्या पावत्या पाहून मिळत नाहीत. आधी ठरलेले टप्पे आणि उद्दिष्टे पूर्ण झाल्यावर हप्ते सुटतात. युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने यावर वारंवार बोट ठेवले आहे की त्यामुळे प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि त्यातून काय साधले हे नीट कळत नाही. आता हे पाळणाघरांच्या बाबतीत पाहा. इटलीच्या मूळ आराखड्यात लहान मुलांसाठी २,६४,४८० नव्या जागा निर्माण करण्याचे उद्दिष्ट होते. २०२३ च्या फेरबदलात ते १,५०,४८० वर आले. बांधकामाचा खर्च वाढला हे एक कारण. पण त्याआधीच अनेक नगरपालिका, विशेषतः दक्षिणेकडच्या, अर्ज करायला कचरत होत्या. इमारतीला निधी मिळेल, पण शिक्षिका, स्वयंपाकी, वीज, दुरुस्ती यांचे पैसे दरवर्षी कुठून आणायचे? ज्या गावांना पाळणाघराची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनाच ते चालवणे सर्वांत जड जाणार होते. हा मुद्दा आपण सभागृहात मांडलात तर अर्थमंत्र्याची भूमिका करणाऱ्याला नुसते मोठे आकडे सांगून सुटता येणार नाही. पूरक प्रश्न म्हणून तपासणीविषयी विचारा : एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय सरकारी अभियोक्ता कार्यालयाच्या तपासात इटलीच्या याच निधीतून ६० कोटी युरोंच्या अपहाराच्या संशयावरून चार देशांत अटका झाल्या, तेव्हा देखरेखीचा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही.

प्रश्न : हे कर्ज शेवटी फिटणार कसे? आणि संसदांना त्यात पुन्हा काही बोलता येईल का?

उत्तर : मुद्दलाची परतफेड २०२८ पासून सुरू होऊन २०५८ पर्यंत चालायची आहे. त्यासाठी संघाला उत्पन्नाची नवी साधने हवीत असे २०२० मध्येच ठरले होते. त्यांपैकी एक १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे : पुनर्वापर न झालेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनांवर किलोमागे ०.८० युरो या दराने सदस्य देश संघाला रक्कम देतात. बाकीच्या साधनांवर अजून एकमत व्हायचे आहे, आणि तसे नवे साधन हवे असेल तर ते पुन्हा एकदा सर्व देशांच्या मंजुरीसाठी जाईल. म्हणजे पहिला, हमीचा दरवाजा परत उघडणार आहे. २०२१ मध्ये त्यातून जाताना जे पक्ष सत्तेत होते, त्यांतले कित्येक आता विरोधी बाकांवर आहेत.